ग्रंथमिती, वैद्यकीय नियतकालिकांची

ग्रंथ, नियतकालिके व त्यांत प्रसिद्ध होणारे शोधनिबंध यांची संख्याशास्त्रीय पद्धतींनी मोजणी करून एखाद्या ज्ञानशाखेची वाढ, तिची केंद्रे, तीत काम करणारे संशोधक आणि त्यांचे परस्परसंबंध यांचा अभ्यास करणारी शाखा म्हणजे ग्रंथमिती होय. एखाद्या नियतकालिकात ठराविक कालखंडात किती निबंध आले, ते कोणत्या प्रकारचे होते, त्यांचे लेखक कोणत्या देशांतील व संस्थांतील होते आणि नंतरच्या लेखकांनी त्यांचा किती वेळा उल्लेख केला, हे प्रश्न या अभ्यासात येतात. ग्रंथालयाच्या मर्यादित पैशात कोणती नियतकालिके घ्यावीत, हे ठरविण्याचे साधन म्हणून या पद्धतीचा एक मोठा भाग विकसित झाला. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र तिच्या आधारे संशोधकांची योग्यता, त्यांची पदोन्नती व संस्थांचे अनुदान ठरू लागले. साधनाचे हे स्थित्यंतर वैद्यकाच्या क्षेत्रात, विशेषतः आपत्कालीन वैद्यकासारख्या नव्या शाखेत, स्पष्टपणे पाहावयास मिळते.

प्रारंभ : वैद्यकीय वाङ्‌मयाच्या मोजणीआधी त्याची नोंद होणे आवश्यक होते. अमेरिकेच्या सैन्यातील शल्यचिकित्सक जॉन शॉ बिलिंग्ज (१८३८–१९१३) यांनी वॉशिंग्टन येथील सर्जन जनरलच्या ग्रंथालयाची वाढ करताना जगभरातील वैद्यकीय नियतकालिके मिळविली आणि १८७९ मध्ये रॉबर्ट फ्लेचर यांच्या साहाय्याने इंडेक्स मेडिकस ही मासिक निर्देश-सूची सुरू केली. नव्याने प्रसिद्ध होणाऱ्या निबंधांची विषयवार नोंद तीत असे. हेच ग्रंथालय १९५६ मध्ये नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन झाले. त्याने १९६४ मध्ये संगणकावर आधारलेली ‘मेडलार्स’ ही पद्धती, १९७१ मध्ये दूरसंचाराद्वारे वापरता येणारी ‘मेडलाइन’ आणि १९९७ मध्ये सर्वांना विनामूल्य खुली असलेली ‘पबमेड’ सेवा उपलब्ध करून दिली. इंडेक्स मेडिकसचे मुद्रित प्रकाशन २००४ च्या अखेरीस थांबले.

नोंदींवरून मोजणी करण्याचा एक आद्य प्रयत्न १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. फ्रान्सिस जोसेफ कोल व नेली ईल्स यांनी १५४३ ते १८६० या काळातील तौलनिक शारीरविषयक लेखनाची देशवार व कालवार गणना केली. आलेखातील चढउतारांवरून कोणत्या काळी, कोणत्या देशात या शास्त्राला भरती किंवा ओहोटी आली, हे त्यांनी दाखविले. ब्रिटिश पेटंट कार्यालयाचे ग्रंथपाल एडवर्ड विंडम ह्यूम (१८५९–१९५४) यांनी १९२२ मध्ये केंब्रिज येथे दिलेल्या आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत अशा अभ्यासासाठी ‘सांख्यिकीय ग्रंथसूची’ या अर्थाची संज्ञा वापरली. ‘बिब्लिओमेट्रिक्स’ ही आज रूढ असलेली संज्ञा ॲलन प्रिचर्ड यांनी १९६९ मध्ये सुचविली. तत्पूर्वी १९४८ मध्ये लेमिंग्टन स्पा येथे भरलेल्या ‘ॲस्लिब’ या संस्थेच्या परिषदेत भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) यांनी ग्रंथालयीन कामकाजात संख्याशास्त्र वापरण्याची आवश्यकता प्रतिपादून ‘लायब्रमेट्री’ हा शब्द पुढे मांडला होता.

मूलभूत नियम : १९२६ ते १९३४ या अल्पकाळात ग्रंथमितीचे पायाभूत निष्कर्ष हाती आले. अमेरिकेतील विमागणिती आल्फ्रेड जेम्स लोट्का (१८८०–१९४९) यांनी केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स या सारसूचीतील काही लेखकांची नावे घेऊन कोणी किती निबंध लिहिले, हे मोजले. एकच निबंध लिहिणारे लेखक सु. ६० टक्के असतात. दोन निबंध लिहिणारे त्यांच्या एक चतुर्थांश, तीन लिहिणारे एक नवमांश, अशा क्रमाने संख्या घटत जाते, असे त्यांना आढळले (१९२६). म्हणजे कोणत्याही शास्त्रातील बरेचसे लेखन मोजक्या व्यक्तींच्या हातून होते आणि बहुसंख्य लेखक एकदाच लिहून थांबतात.

लंडनच्या सायन्स म्यूझियम लायब्ररीचे प्रमुख सॅम्युएल क्लेमंट ब्रॅडफर्ड (१८७८–१९४८) यांनी १९३४ मध्ये नियतकालिकांविषयी असाच नियम मांडला. उपयोजित भूभौतिकीवरील १,३३२ निबंध ३२६ नियतकालिकांत विखुरलेले होते. त्यांपैकी ४२९ निबंध केवळ ९ नियतकालिकांत आले होते. पुढील ४९९ निबंधांसाठी ५९, तर उरलेल्या ४०४ निबंधांसाठी तब्बल २५८ नियतकालिके पाहावी लागत होती. प्रत्येक विषयाला नियतकालिकांचा एक लहान गाभा असतो आणि त्याबाहेर विषयाचे वाङ्‌मय विरळ होत दूरवर पसरते, हे या नियमाचे सार होय. गाभ्यातील नियतकालिके घेणाऱ्या ग्रंथालयाला थोड्या खर्चात बरेच मिळते. परंतु सर्व काही कधीच मिळत नाही.

या दोहोंच्या दरम्यान कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयात पी. एल. के. ग्रॉस व ई. एम. ग्रॉस यांनी वेगळी वाट शोधली (१९२७). छोट्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके असावीत, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ चा खंड घेऊन त्यातील निबंधांखाली दिलेले ३,६३३ संदर्भ मोजले व ज्या नियतकालिकांचा निर्देश अधिक, ती अधिक आवश्यक, असे मानले. संदर्भोल्लेखांच्या मोजणीचा पुढील सर्व विकास या साध्या कल्पनेवर उभा आहे.

या कल्पनेवरील पहिला महत्त्वाचा आक्षेपही वैद्यकीय ग्रंथालयातूनच आला. कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयातील एस्टेल ब्रॉडमन यांनी १९४४ मध्ये शरीरक्रियाविज्ञानाच्या नियतकालिकांची क्रमवारी संदर्भोल्लेखांवरून लावली आणि त्याच विषयाच्या प्राध्यापकांनी स्वतःच्या मताने लावलेल्या क्रमवारीशी ती ताडून पाहिली. दोन्हींचा मेळ बसला नाही. उल्लेखांची संख्या आणि तज्ज्ञांना वाटणारे मोल या दोन भिन्न गोष्टी असू शकतात, हे त्यातून प्रथमच दिसून आले.

संदर्भोल्लेख-सूची व प्रभावांक : दुसऱ्या महायुद्धानंतर शोधनिबंधांची संख्या झपाट्याने वाढली. १६६५ मध्ये दोन नियतकालिकांपासून सुरू झालेले वैज्ञानिक वाङ्‌मय सु. दहा ते पंधरा वर्षांत दुप्पट होत आले आहे, असे डेरेक द सोला प्राइस (१९२२–८३) यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. विषयवार सूची करणाऱ्यांना या वेगाशी जुळवून घेणे कठीण होऊ लागले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वेल्च वैद्यकीय ग्रंथालयातील निर्देश-सूचीच्या प्रकल्पात काम केलेले यूजीन गारफील्ड (१९२५–२०१७) यांनी त्यावर निराळा उपाय सुचविला. जुना न्यायनिर्णय पुढील कोणत्या खटल्यांत ग्राह्य वा अग्राह्य ठरला, हे दाखविणारी ‘शेपर्ड्‌स सायटेशन्स’ ही सूची अमेरिकन वकील १८७३ पासून वापरत होते. शास्त्रीय निबंधांसाठीही अशी सूची असावी, असे गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सायन्स या साप्ताहिकात प्रतिपादिले. १९६३ मध्ये त्यांच्या फिलाडेल्फिया येथील संस्थेने सायन्स सायटेशन इंडेक्स ही सूची प्रसिद्ध केली. तीत १९६१ सालच्या ६१३ नियतकालिकांतील सु. १४ लक्ष संदर्भोल्लेखांची नोंद होती. एखादा निबंध नंतर कोणी वापरला, त्यावर कोणी आक्षेप घेतला किंवा तो कोणी पुढे नेला, हे शोधणे हा या सूचीचा मूळ हेतू होता.

या सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत, हे ठरविताना केवळ एकूण उल्लेख मोजले, तर पुष्कळ निबंध छापणारी मोठी नियतकालिके नेहमीच वर येत. म्हणून गारफील्ड व आयर्व्हिंग शेर यांनी ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ म्हणजे प्रभावांक हे गुणोत्तर वापरले. आधीच्या दोन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या लेखांना चालू वर्षी मिळालेल्या उल्लेखांना त्या दोन वर्षांतील उल्लेखनीय लेखांच्या संख्येने भागले, की तो मिळतो. उदा., एखाद्या नियतकालिकाने दोन वर्षांत अनुक्रमे १२० व १३० निबंध छापले आणि तिसऱ्या वर्षी त्यांचे ५०० उल्लेख झाले, तर त्याचा प्रभावांक २ येईल. १९७५ पासून हे अंक वार्षिक अहवालाच्या रूपाने प्रसिद्ध होऊ लागले. ग्रंथपालासाठी केलेले हे कोष्टक संपादक, प्रकाशक, विद्यापीठे आणि अनुदान देणाऱ्या संस्था यांच्याही हाती पडले.

आपत्कालीन वैद्यकाची नियतकालिके : अपघात, हृदयविकाराचा झटका, विषबाधा, भाजणे इत्यादींनी अत्यवस्थ झालेल्या रुग्णावर पहिल्या काही तासांत करावयाच्या उपचारांची ही शाखा इतर वैद्यकीय शाखांच्या मानाने तरुण आहे. पूर्वी रुग्णालयाचा अपघात विभाग, म्हणजेच ‘कॅज्युअल्टी’, बहुधा आळीपाळीने नेमलेल्या कनिष्ठ डॉक्टरांवर सोपविलेला असे. अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यू व अपंगत्व यांवर १९६६ मध्ये दिलेल्या अहवालाने या व्यवस्थेतील उणिवांकडे लक्ष वेधले. ब्रिटनमध्ये १९६७ मध्ये व अमेरिकेत १९६८ मध्ये या विभागांतील डॉक्टरांच्या संघटना स्थापन झाल्या. १९७० मध्ये सिनसिनाटी येथे पदव्युत्तर प्रशिक्षण सुरू झाले आणि १९७९ मध्ये अमेरिकेत स्वतंत्र शाखा म्हणून तिला मान्यता मिळाली.

स्वतंत्र शाखेला स्वतःचे वाङ्‌मय असावे लागते. अमेरिकन संघटनेने १९७२ मध्ये आपले नियतकालिक काढले. १९८० पासून ते ॲनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिन या नावाने प्रसिद्ध होते. १९८३ मध्ये अमेरिकेत आणखी दोन नियतकालिके निघाली. ब्रिटनमध्ये १९८४ मध्ये आर्काइव्ह्‌ज ऑफ इमर्जन्सी मेडिसिन सुरू झाले. १९९४ मध्ये त्याचे नाव बदलले आणि २००१ पासून ते इमर्जन्सी मेडिसिन जर्नल म्हणून ओळखले जाते. या नियतकालिकांच्या मोजणीतून शाखेचा इतिहास वाचता येतो : एकट्यादुकट्या रुग्णाची हकिकत मागे पडून अनेक रुग्णालयांत मिळून केलेल्या चाचण्या केव्हा पुढे आल्या, एका लेखकाच्या जागी लेखकांचे गट केव्हा दिसू लागले आणि कोणत्या देशांचा सहभाग केव्हा वाढला, हे अशा गणनेतूनच समजते.

मोजणीतील अडचणी : सर्वांत साधी अडचण नावाची असते. वरील ब्रिटिश नियतकालिकाची आजच्या नावाखाली मोजणी करणाऱ्याच्या हातून पहिली सतरा वर्षे निसटतात. अमेरिकन नियतकालिकाची पहिली आठ वर्षेही तशीच. दुसरी अडचण लेखांच्या वर्गीकरणाची आहे. संपादकीये व पत्रे ही भाजकात धरली जात नाहीत. परंतु त्यांना मिळालेले उल्लेख भाज्यात येऊ शकतात. आढावापर निबंध व उपचारविषयक मार्गदर्शिका यांचा उल्लेख मूळ संशोधनाहून अधिक वेळा होतो. त्यामुळे असे लेख अधिक छापणाऱ्या नियतकालिकाचा अंक वाढतो. नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या निबंधाला उल्लेख मिळण्यास अवधीच मिळालेला नसतो. म्हणून दहा वर्षांपूर्वीचा आणि गेल्या वर्षीचा निबंध एकाच तराजूत घालता येत नाहीत.

तिसरी व अधिक मूलभूत अडचण ब्रॅडफर्ड यांच्या नियमातून उद्‌भवते. छाती बाहेरून दाबून हृदयक्रिया चालू ठेवण्याची पद्धत कौवेनहोव्हन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. शुद्धीची पातळी मोजणारी ग्लासगो कोमा श्रेणी १९७४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आली. दोन्ही गोष्टी जगभरच्या अपघात विभागांत रोज वापरल्या जातात; परंतु या शाखेच्या स्वतःच्या नियतकालिकांची मोजणी करणाऱ्याला त्या मूळ निबंधांच्या रूपाने भेटत नाहीत. याउलट, घोट्याला इजा झालेल्या रुग्णाचे क्ष-किरण छायाचित्र केव्हा आवश्यक नाही, हे केवळ हाताने दाबून व चार पावले चालवून ठरविण्याचे ओटावा नियम इअन स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ॲनल्समध्येच मांडले. तेव्हा एका नियतकालिकाचे विश्लेषण हे त्या नियतकालिकाचे चित्र असते; संपूर्ण शाखेचे नव्हे.

संदर्भोल्लेख आणि गुणवत्ता : पुष्कळदा उल्लेखिलेला निबंध चांगला असलाच पाहिजे, हे गृहीतक आपत्कालीन वैद्यकातच तपासले गेले. ॲनल्सचे संपादक मायकेल कॅलहॅम व त्यांचे सहकारी यांनी १९९१ मधील एका परिषदेस सादर झालेल्या आणि नंतर प्रसिद्ध झालेल्या सु. २०० निबंधांचा मागोवा घेतला (२००२). निबंधाला किती उल्लेख मिळतील, याचा सर्वांत बळकट निदर्शक तो ज्या नियतकालिकात छापला गेला त्याचा प्रभावांक हा होता. अभ्यासपद्धतीच्या गुणवत्तेच्या प्रचलित कसोट्यांवरून उल्लेखांच्या संख्येचा अंदाज करता आला नाही. थोडक्यात, निबंध कोठे छापला गेला याचे वजन तो कसा केला गेला याहून जास्त पडले. त्यापूर्वी १९९७ मध्ये पेर सेग्लेन यांनी दाखविले होते, की नियतकालिकातील सर्वाधिक उल्लेखिले जाणारे १५ टक्के निबंध एकूण उल्लेखांपैकी निम्मे उल्लेख मिळवितात. म्हणजे नियतकालिकाच्या सरासरीवरून त्यातील एखाद्या निबंधाची किंवा त्याच्या लेखकाची किंमत ठरविणे संख्याशास्त्रदृष्ट्याच चुकीचे आहे.

उल्लेख हा मान्यतेचा पुरावाही नव्हे. डिट्रॉइट येथील इम्यान्युएल रिव्हर्स व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये एकाच रुग्णालयातील २६३ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तीव्र जंतुदोषाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांवर ठराविक मोजमापांना धरून पहिल्या सहा तासांत उपचार केल्यास रुग्णालयातील मृत्युप्रमाण ४६·५ वरून ३०·५ टक्क्यांवर येते, असा तिचा निष्कर्ष होता. हा निबंध या क्षेत्रातील सर्वाधिक उल्लेखिल्या गेलेल्या निबंधांत गणला गेला व त्याचा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकांत समावेश झाला. २०१४ व २०१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया–न्यूझीलंड आणि इंग्लंड येथील तीन मोठ्या चाचण्यांत मात्र या ठराविक पद्धतीने नेहमीच्या उपचारांपेक्षा मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. त्या नेहमीच्या उपचारांतही दरम्यानच्या काळात लवकर निदान व लवकर प्रतिजैविके यांचा अंतर्भाव झाला होता, आणि त्यास मूळ निबंधाने निर्माण केलेली जागरूकता कारणीभूत होती, असे अनेक तज्ज्ञ मानतात. उल्लेखांच्या बेरजेत मात्र स्वीकार, दुरुस्ती आणि खंडन हे तिन्ही सारखेच मोजले जातात. वकिलांच्या मूळ सूचीत असलेला ग्राह्य-अग्राह्य हा भेद शास्त्रीय मोजणीत हरवून गेला.

भारतातील स्थिती : भारतात आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र शाखा म्हणून भारतीय वैद्यक परिषदेची मान्यता २००९ मध्ये मिळाली. याच परिषदेने २०१५ मध्ये वैद्यकीय अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी ठराविक निर्देश-सूचींतील नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले मूळ संशोधनपर निबंधच मोजले जातील, असे जाहीर केले. लेखकांच्या क्रमाविषयी अटी घातल्या आणि केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणारी नियतकालिके वगळली. रुग्णसेवा व अध्यापन यांत दिवस घालविणाऱ्या अध्यापकांवर निबंधांची संख्या भरण्याचे दडपण येईल आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावेल, अशी टीका भारतीय वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी केली. पुढे हे नियम बदलण्यात आले.

गणनेची मर्यादा महाराष्ट्रातील एका उदाहरणावरून ध्यानात येते. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने फुप्फुसात पाणी साचून मृत्यू होत असत. रायगड जिल्ह्यातील महाड येथे काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध या दंशावर परिणामकारक ठरते, असे आढळल्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या अहवालांनुसार गंभीर दंशातील सु. ३० टक्के मृत्युप्रमाण या उपचारानंतर काही टक्क्यांवर आले. प्रतिविषासह प्राझोसिन देण्याविषयीची त्यांची चाचणी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. ज्या देशांत संशोधक, प्रयोगशाळा व नियतकालिके विपुल आहेत, त्यांपैकी बहुतेकांत हा विंचू नाही. साहजिकच अशा विषयावर लिहिणारे, आणि म्हणून उल्लेख करणारेही, मोजकेच राहतात. सर्पदंश व कीटकनाशकांची विषबाधा यांच्या वाट्यालाही बऱ्याच अंशी हेच येते. उल्लेखांवरून विषयाचे महत्त्व ठरविले, तर ज्यांच्यावर लिहिणारे थोडे आहेत त्या रुग्णांचे दुखणेही किरकोळ ठरते.

मूल्यमापन : २००५ मध्ये हॉर्गे हिर्श यांनी व्यक्तीच्या कामासाठी ‘एच्’ निर्देशांक सुचविला. किमान तितकेच उल्लेख मिळालेले जास्तीत जास्त जितके निबंध एखाद्याच्या नावावर असतील, तो त्याचा निर्देशांक होय. साधेपणामुळे तो लवकर रूढ झाला; पण निरनिराळ्या शाखांतील किंवा वयांतील संशोधकांची तुलना त्याने करता येत नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे संपादक व शास्त्रज्ञ यांनी तयार केलेल्या जाहीरनाम्यात नियुक्ती, पदोन्नती व अनुदान यांसाठी नियतकालिकाचा प्रभावांक वापरू नये, असे आवाहन करण्यात आले. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने दहा तत्त्वे सांगितली. संख्येने तज्ज्ञांच्या निर्णयास साहाय्य करावे, त्याची जागा घेऊ नये, हे त्यांतील पहिले तत्त्व होय. स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण करावे, हेही त्यांत आहे.

ग्रंथमितीने वैद्यकाला स्वतःच्या वाङ्‌मयाकडे दुरून पाहण्याची दृष्टी दिली. एखादी शाखा कशी वाढली, तिचा गाभा कोणता, कोणते विषय उपेक्षित राहिले, हे सांगण्याचे तिचे सामर्थ्य निर्विवाद आहे. निबंध खरा आहे किंवा नाही आणि त्याने रुग्ण वाचला किंवा नाही, हे मात्र तो वाचून व उपचार करूनच ठरते. पोमोना महाविद्यालयात १९२७ मध्ये विचारलेला प्रश्न कोणती नियतकालिके घ्यावीत एवढाच होता. त्या प्रश्नासाठी तयार झालेले उत्तर दुसऱ्या प्रश्नांना लावताना त्याचे मूळ प्रयोजन ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.